बिनसाखरेचा खजूर-अक्रोड केक खाऊनही रक्तातील साखर का वाढते, आणि कृती कशी दुरुस्त करावी

घरात कोणाला मधुमेह असल्याचे कळले की केकच्या कृतीतून सर्वांत आधी साखर जाते आणि तिच्या जागी खजूर येतो. मैद्याऐवजी कणीक घेतली जाते, कंडेन्स्ड मिल्क बंद होते, अक्रोड थोडे वाढतात, आणि ‘हा तुम्हालाही चालेल’ असे म्हणून केकचा तुकडा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटलीत निःशंक मनाने ठेवला जातो. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर दिसणारा आकडा मात्र साखरेच्या केकनंतर दिसला असता त्याच्या आसपासच असतो. पट्टी जुनी असेल, दुपारच्या भातामुळे वाढली असेल, असे म्हणून तो आकडा बाजूला सारला जातो. एखादीने हट्टाने खजूर निम्मा केला तर केक दडस होतो, कडेने कोरडा आणि मध्ये ओलसर राहतो, आणि पुढच्या वाढदिवसाला खजुराने गच्च भरलेली तीच कृती पुन्हा बाहेर निघते.

यात दोन वेगळे दोष गुंतलेले आहेत. पहिला हिशेबाचा आहे आणि दुसरा ओव्हनमधला. पहिला दुरुस्त करायला गेले की दुसरा डोके वर काढतो, म्हणून एकेकटा हाताळल्यास कोणताच सुटत नाही. हिशेब आधी पाहू.

साखर गेली, कर्बोदके राहिली

आपल्याकडे सर्रास केल्या जाणाऱ्या बिनअंड्याच्या खजूर केकचे प्रमाण साधारण असे असते: १२५ ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, बिया काढलेला १६० ग्रॅम खजूर, पाऊण कप दूध, अर्धा कप तेल आणि मूठभर अक्रोड. यातील कर्बोदके मोजली तर मैद्याची सुमारे ९५ ग्रॅम, साखरेची १५०, खजुराची ११५ आणि दूध-अक्रोडाची मिळून १६ ग्रॅम भरतात. एकूण ३७६ ग्रॅम. केकचे १२ तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यात ३१ ग्रॅम कर्बोदके येतात.

आता साखर पूर्ण काढून गोडीसाठी तेवढाच म्हणजे १५० ग्रॅम खजूर वाढवला, तर साखरेचे १५० ग्रॅम जातात आणि खजुराचे सुमारे ११० ग्रॅम येतात, कारण बिया काढलेल्या सुक्या खजुराच्या १०० ग्रॅममध्ये ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतील बहुतांश भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांचाच असतो. प्रत्येक तुकड्यात आता २८ ग्रॅम कर्बोदके झाली. एवढा खटाटोप करून तुकड्यामागे केवळ तीन ग्रॅमची बचत झाली, आणि ग्लुकोमीटर नेमके तेच सांगत होता. मैद्याऐवजी कणीक घेतल्याने तंतुमय भाग वाढतो, ही चांगली गोष्ट आहे. परंतु १०० ग्रॅम कणकेतही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असल्यामुळे बेरजेत मोठा फरक पडत नाही. गूळ, मध, ब्राउन शुगर किंवा नारळाची साखर यांनीही हा हिशेब बदलत नाही.

खजुराचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो ते सांगणारा निर्देशांक, मध्यम किंवा कमी असतो, मग त्याने साखर कशी वाढेल, अशी शंका येथे हमखास येते. हा निर्देशांक सामान्यतः ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदके भरतील एवढा पदार्थ खायला देऊन काढला जातो आणि खजुराच्या बाबतीत चाचणी अख्ख्या, चावून खाल्लेल्या फळावर होते. आपण केकसाठी खजूर गरम दुधात भिजवून मिक्सरमधून त्याचे गंध करतो, त्यात पीठ मिसळतो आणि एका बैठकीत दोन तुकडे खातो. निर्देशांक वेग सांगतो. पोटात किती गेले ते तो सांगत नाही. पोषणविषयक दाव्यांसाठी कोडेक्स ॲलिमेंटेरियसची (हा खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा संग्रह आहे) जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत ‘साखर मिसळलेली नाही’ असे म्हणण्यासाठी घातलेली एक अट येथे फार बोलकी आहे: साखरेच्या जागी काम करणारा शर्करायुक्त घटक पदार्थात नसावा, आणि उदाहरणादाखल तेथे सुक्या फळांच्या लगद्याचाच उल्लेख आहे. खजुराचा लगदा ही केकच्या दृष्टीने साखरच आहे, असे धरून चालल्याशिवाय ही कृती दुरुस्त होणार नाही.

खजुराऐवजी दुसरे सुके फळ घेऊन प्रश्न सुटेल का? थोडासाच. दर १०० ग्रॅमला बेदाण्यांत सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदके असतात; सुके अंजीर, जर्दाळू आणि प्रून, म्हणजे सुके आलुबुखार, यांत ६३-६४ ग्रॅम. अंजिरात तंतू सर्वांत जास्त, १० ग्रॅमच्या घरात. प्रूनमध्ये सॉर्बिटॉल हा साखरेसारखा गोड, पण शरीरात पूर्ण न शोषला जाणारा घटक असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि त्यामुळे केक मऊ राहतो, परंतु जास्त खाल्ल्यास पोट ढिले होते. फळ बदलण्यापेक्षा फळाचे वजन निम्मे करणे कितीतरी परिणामकारक आहे. टूटीफ्रूटी (ती साखरेत मुरवलेली कच्ची पपई असते), पाकवलेल्या संत्र्याच्या साली आणि सुक्या मेव्याच्या दुकानात बरणीतून मिळणारे रंगीत सुके अननस, किवी आणि क्रॅनबेरी यांना मात्र पूर्ण रजा द्यावी, कारण ही फळे बहुतेक वेळा साखरेच्या पाकातूनच वाळवलेली असतात.

दुरुस्त केलेले प्रमाण

तोडगा असा आहे की खजूर निम्म्यावर आणायचा, पिठाचा मोठा भाग बदामाच्या पुडीने भरून काढायचा आणि कमी झालेला ओलावा व घनता लाल भोपळ्याच्या गराने परत द्यायची. खजूर ८० ग्रॅम, गरम दूध ८० मिलिलिटर, वाफवून घोटलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, बदामाची पूड १२० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, तीन अंडी, तेल ५० मिलिलिटर, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, एक चमचा दालचिनी पूड, थोडी किसलेली संत्र्याची साल आणि थोडा व्हॅनिला अर्क. एकूण कर्बोदके १४२ ग्रॅम, म्हणजे १२ तुकड्यांत प्रत्येकी सुमारे १२ ग्रॅम. हा तुकडा जुन्यापेक्षा किंचित लहान होतो, हेही लक्षात घ्यावे. म्हणून वजनावर तुलना करणे अधिक प्रामाणिक ठरेल. जुन्या मिश्रणाच्या १०० ग्रॅममध्ये ४८-४९ ग्रॅम कर्बोदके होती, नव्यात ती २१ आहेत. उष्मांक त्या प्रमाणात घटत नाहीत. बदाम, अक्रोड आणि तेल यांमुळे एका तुकड्यात १८० कॅलरी राहतातच, तेव्हा ज्यांना वजनही उतरवायचे आहे त्यांनी ‘मधुमेहाला चालतो’ म्हणून दुसरा तुकडा घेऊ नये.

खजुराचे दोन भाग करावेत, असा माझा आग्रह आहे. अर्धा भाग गरम दुधात सोडा घालून भिजवावा. सोडा पडताच खजुराभोवती बारीक फेस धरतो, साल सुटू लागते, आणि पंधरा-वीस मिनिटांत तो चमच्याच्या पाठीने दाबला तरी विरतो. उरलेला अर्धा भाग वाटाण्याएवढा चिरून कणकेत घोळवून शेवटी मिश्रणात घालावा. सगळा खजूर वाटून टाकला तर थोडी गोडी सर्वत्र पसरून केक फिका लागतो; तुकडे राहिले तर घासागणिक कुठेतरी ठळक गोड लागते आणि कमी खजुरात समाधान होते. मीठ, दालचिनी आणि किसलेली संत्र्याची साल हीच या केकमधली खरी साखर मानावी. पहिल्यांदा खाणाऱ्याला हा केक नेहमीपेक्षा कमी गोड लागेल, आणि तसाच तो असायला हवा.

ओव्हनमधले दोष

केकमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, मैद्यातील ग्लुटेनची चिवट जाळी आवरते, आणि पिष्ट शिजून घट्ट होण्याचे तापमान वर ढकलते, त्यामुळे केकला घट्ट होण्यापूर्वी फुगायला वेळ मिळतो. साखर आणि खजूर दोन्ही कमी झाले की केक लवकर घट्ट होतो, कमी फुगतो आणि वरून तडकतो. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर ठेवण्याची सवय असेल तर हा केक १६० अंशांवर भाजावा आणि दहा-पंधरा मिनिटे जास्त द्यावीत. कडा आणि मधला भाग यांतील अंतर त्याने बरेच मिटते.

रंगावर विसंबून केक बाहेर काढणे ही या केकमधली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. खजुराने भरलेल्या जुन्या केकमधील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज लवकर तपकिरी होतात, म्हणून तो आत कच्चा असतानाच वरून गडद दिसतो. नव्या केकचे उलटे, तो शिजला तरी फिकट राहतो आणि रंगाची वाट पाहता पाहता कोरडा पडतो. सुई खुपसून पाहणेही येथे फसवते, कारण सुई खजुराच्या तुकड्यातून गेली की चिकट होऊनच बाहेर येते. सुईला लागलेले बोटांच्या चिमटीत चोळून पाहावे: पिठूळ आणि ओले लागले तर मिश्रण कच्चे आहे, तार येऊन चिकटले तर तो खजूर आहे आणि केक तयार आहे. शंका वाटल्यास दुसऱ्या दोन ठिकाणी सुई घालावी.

केकला साबणासारखी किंवा कडवट चव येत असेल तर सोडा तपासावा. जुन्या कृतीत भरपूर खजुराबरोबर एक पूर्ण चमचा सोडा असे. खजूर निम्मा करताना बहुतेकांकडून सोडा तेवढाच राहतो आणि त्याला उदासीन करणारे आम्ल मिश्रणात उरत नाही. वर दिलेला पाव चमचा पुरतो, फुगण्याचे उरलेले काम बेकिंग पावडर करते.

खजूर आणि अक्रोड तळाशी जाऊन बसत असतील तर मिश्रण सैल आहे. कणकेत घोळवण्याने थोडी मदत होते, पण मूळ कारण बहुधा भोपळ्यातील पाणी असते. भोपळा पाण्यात न उकडता वाफवावा आणि घोटल्यावर चाळणीवर ठेवून निथळू द्यावा. मिश्रण चमच्यावरून धारेने न ओघळता लपक्याने पडावे.

कापताना केक चुरा होतो, ही तक्रार बदामाच्या पुडीमुळे येते, कारण बदामात ग्लुटेन नसते आणि सगळी बांधणी अंड्यांवर येऊन पडते. केक पूर्ण गार झाल्याशिवाय, शक्यतो दुसऱ्या दिवशी, धारदार सुरीने कापावा. ज्यांच्या घरी अंडी चालत नाहीत त्यांनी १२० ग्रॅम घट्ट दही आणि एक मोठा चमचा इसबगोल घ्यावा, आणि मिश्रण भांड्यात ओतण्यापूर्वी दहा मिनिटे मुरू द्यावे. इसबगोल यापेक्षा जास्त झाला तर केक खरवसासारखा लिबलिबीत होतो. बिनअंड्याचा हा केक अंड्यांच्या केकइतका फुगत नाही, आणि त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. तो चपट्या भांड्यात पातळ थराने भाजून चौकोनी वड्या पाडल्या तर चांगला लागतो.

कृत्रिम गोडी घालायची असल्यास

कमी गोडीची सवय होईपर्यंत काहींना गोडी देणाऱ्या पर्यायाची गरज वाटते आणि त्यात गैर काही नाही. ॲस्पार्टेम भाजण्यात आपली गोडी गमावते, म्हणून ते चहासाठीच ठेवावे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट आणि स्टीव्हिया २०० ते ३०० पट गोड असल्यामुळे चिमटीभर लागते. स्टीव्हिया जास्त झाले की मागाहून कडू लागते. ‘साखरेइतकीच कपाने मोजा’ असे लिहिलेल्या भुकट्या घेताना पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी, कारण कपाचे आकारमान भरण्यासाठी त्यांत अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेले कर्बोदक मिसळलेले असते आणि ते रक्तातील साखर वेगाने वाढवते. ‘शुगर फ्री’ चॉकलेट आणि बिस्किटांत दिसणारे माल्टिटॉल, हाही सॉर्बिटॉलच्याच जातीचा गोड घटक, निरुपद्रवी नाही; साखरेपेक्षा कमी, पण रक्तशर्करा ते वाढवते आणि पोट बिघडवते.

त्याच जातीचे एरिथ्रिटॉल हे केकला वजन आणि पोत देऊ शकते, गोडी साखरेच्या ६०-७० टक्के असते आणि रक्तशर्करा जवळजवळ वाढत नाही, परंतु केक गार झाल्यावर त्याचे खडे बनतात आणि जिभेला थंडावा जाणवतो. रक्तातील एरिथ्रिटॉलची जास्त पातळी आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारे संशोधन २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातून कारण सिद्ध होत नसले तरी ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मोठ्या प्रमाणात वापरू नये असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेची गोडी वापरू नये अशी शिफारस केली, तिचा दाखलाही या चर्चेत नेहमी दिला जातो. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे त्याच मजकुरात नमूद आहे.

आकडा कसा तपासावा

दुरुस्ती उपयोगी पडली की नाही हे चवीने कळत नाही. खाण्यापूर्वी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा मोजावे. बदाम आणि तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे या केकचा चढ उशिरा येऊ शकतो. म्हणून निदान पहिल्यांदा तिसऱ्या तासालाही मोजावे, नाहीतर दोन तासांचा सुंदर आकडा दिशाभूल करेल. जेवणानंतर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हे अनेकांसाठी सांगितले जाणारे उद्दिष्ट आहे, परंतु वय, गर्भारपण आणि इतर आजार यांनुसार ते बदलते, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी दिलेला आकडाच प्रमाण मानावा. पुरणपोळीच्या किंवा भाताच्या जेवणानंतर केक खाऊन केकला दोष देऊ नये आणि श्रेयही देऊ नये. चाचणीच्या दिवशी तो चहाच्या वेळी एकटा खावा.

ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरातले इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीच्या न्याहारीऐवजी या केकचा एकच तुकडा खाऊ नये. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस पोहे-पोळीच्या कर्बोदकांच्या हिशेबाने ठरलेला असतो आणि १२ ग्रॅमवर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरू शकते. घसरलीच, तर हात-पाय थरथरत असताना केक किंवा खजूर चघळत बसू नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध चालू असेल तर साखरेऐवजी ग्लुकोजची पावडरच द्यावी, कारण ही औषधे साखरेचे विघटन मंदावतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी अडचण वेगळी आहे: खजूर, बदाम आणि भोपळा या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते, आणि त्यांच्यासाठी ही दुरुस्ती आहारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय वापरू नये.

राहता राहिली साठवण. साखर पाणी बांधून ठेवत असल्यामुळेच जुना केक आठवडाभर बाहेर टिकत असे. हा केक मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुरशी धरतो. फ्रिजमध्ये चार दिवस राहतो. त्याहून चांगले म्हणजे गार झाल्यावर बाराही तुकडे कापून, प्रत्येक तुकडा वेगळा बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि चहाच्या अर्धा तास आधी ज्याचा त्याचा एक तुकडा बाहेर काढावा.